भोगवटादार मांजर

भटके मांजर हा मुंबईतील सर्वांत स्थिर भोगवटादार होय. या शहरात जागा मिळवण्यासाठी माणसाला अनामत रक्कम, भाडेकरार, पोलिस पडताळणी आणि 'तुम्ही नॉनव्हेज खाता का?' या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर लागते. मांजराला यांपैकी काहीही लागत नाही. ते उघडउघड मांसाहारी आहे, रात्री-अपरात्री येते, गच्चीवर भांडते, पाण्याच्या टाकीखाली बाळंत होते आणि तरीही कडक शाकाहारी सोसायट्यांत पिढ्यान्‌पिढ्या नांदते.

निवासावरून त्याचे चार प्रकार पडतात. पहिला मासळी बाजारातला. १८७५ मध्ये सुरू झालेला ससून डॉक, भाऊचा धक्का आणि गल्लोगल्लीचे बाजार ही याची ठाणी. कोळणीने बांगडा कापायला घेतला की हे मांजर हातभर अंतरावर येऊन बसते आणि माशाकडे पाठ करते. नजर गटारावर, कान कोयत्यावर. मुंडके तुटल्याचा आवाज आला की मान न वळवता पंजा पुढे येतो. कोळीण ओला हात झटकते, ते दोन पावले मागे सरते आणि गिऱ्हाईक भाव करू लागले की पुन्हा पुढे. घासाघीस लांबली तर आतडीही पदरात पडतात. म्हणून सांगितला तो भाव मुकाट्याने देणारे गिऱ्हाईक या मांजराला मुळीच आवडत नाही.

दुसरा प्रकार सोसायटीतला. एकच बोका पहिल्या मजल्यावर मन्या, तिसऱ्यावर ब्राउनी आणि पाचव्यावर सिम्बा असतो. मांजरी आपल्या पिलांना सात घरे दाखवते असा जुना समज आहे. सोसायटीतला बोका स्वतःच सात घरे हिंडतो आणि सातही घरांत सकाळपासून उपाशी असल्याचे सांगतो. तिसरा प्रकार हॉटेलातला. हा गल्ल्याखाली बसतो आणि आमलेट व खिमा यांच्या टेबलांकडे लक्ष ठेवतो; बन-मस्कावाल्यांची दखल घेत नाही. चौथा फलाटावरचा. गाडी ऐनवेळी दुसऱ्या फलाटावर येणार, ही घोषणा ऐकून तो जिन्याकडे धावत सुटत नाही. प्रवासी आणि तो यांच्यातला हा मुख्य भेद.

बाजारी मांजराचा आहार पंचांगावर चालतो. सोमवार, गुरुवार आणि संकष्टीला आवक घटते, गटारीला चंगळ असते. १ जूनपासून सुमारे दोन महिने यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते आणि ती उठते न उठते तोच श्रावण गाठतो. या दिवसांत त्याला नाइलाजाने दयाळू कुटुंबांकडे वळावे लागते. दयाळू कुटुंब दूध-पोळी देते. बहुतेक प्रौढ मांजरांना दुधातली साखर नीट पचत नाही आणि गोड चव तर मांजराच्या जिभेला कळतच नाही. त्यामुळे जिन्याखाली ठेवलेल्या साखर घातलेल्या दुधात मांजराची सेवा थोडी आणि सफाई कामगाराची कसोटी जास्त.

उंदराला या शहरात वाहनाचा दर्जा आहे; मांजराला वाहनाखालची जागा. पावसाळ्यात तर ते इंजिनाच्या उबेला थेट आत शिरते. गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर एक थाप मारणे, ही मुंबईकराकडून अपेक्षित असलेली सर्वांत स्वस्त भूतदया आहे.

मांजर उंदीर मारते, ही त्याच्या सार्वजनिक उपयुक्ततेची पारंपरिक बाजू. १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेग उघडकीला आला आणि उंदीर हा प्रशासनाचा विषय झाला. भारतीय वैद्यकीय सेवेतील अँड्र्यू ब्युकॅनन यांनी तर १९०८ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये मांजर हे प्लेगला आळा घालणारे असल्याचे प्रतिपादन केले. प्लेग मांजरालाही होतो, ही गोष्ट वेगळी. आज महापालिकेचा कीटकनाशक विभाग रात्रपाळीला काठी-बॅटरी घेऊन माणसे पाठवतो आणि त्यांच्यापुढे रात्रीला ३० उंदरांचे लक्ष्य ठेवतो. मांजरावर असे कोणतेही लक्ष्य नाही. ते लहान उंदीर आणि चिचुंद्री यांच्यावर पराक्रम गाजवते. किलोच्या घरात जाणाऱ्या घुशीच्या वाटेला जात नाही. कचराकुंडीच्या एका अंगाला घूस आणि दुसऱ्या अंगाला मांजर शांतपणे जेवताना दिसतात. निवडणुकीआधी इतके सुरळीत जागावाटप दुसरीकडे कोठे होत नाही.

प्रजननाच्या बाबतीत मांजर शिस्तीचे आहे. मादी पाच-सहा महिन्यांची होताच गाभण राहू शकते, गर्भकाळ सुमारे नऊ आठवड्यांचा असतो आणि एका वेळी चारेक पिल्ले होतात. हे गणित जमले नाही की सोसायटी पोत्याचा मार्ग धरते : मांजर भरायचे आणि दुसऱ्या वॉर्डात सोडायचे. दुसरा वॉर्डही याच विचाराचा असल्याने तिकडचे पोते इकडे येते. शिवाय उरलेले अन्न आणि रिकामी जागा पाहून शेजारची मांजरे आपणहून दाखल होतात. मुंबईत रिकामी जागा फार दिवस रिकामी राहत नाही.

कायदा मांजराच्या बाजूने आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा त्यालाही लागू होतो आणि प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे राज्यघटनेच्या ५१-अ कलमाने नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरवले आहे. पाळीव मांजरांसाठी पुणे महापालिकेने २०२२ मध्ये परवान्याचा निर्णय घेतला. सात घरी जेवणारा बोका कोणाच्या नावावर लावायचा, हा प्रश्न अर्थातच परवान्याच्या कक्षेबाहेरचा.

सोसायटीच्या वार्षिक सभेत हा विषय 'ऐनवेळचे विषय' या सदरात येतो आणि गळती व पार्किंग यांचा वेळ खाऊन टाकतो. एका बाजूला पाकिटातले खाद्य घेऊन खाली उतरणाऱ्या ताई, दुसऱ्या बाजूला दुचाकीच्या सीटवरचे ओरखडे मोबाइलवर दाखवणारे काका. काकांच्या सूचनेवरून 'मांजरांना खायला घालू नये' अशी नोटीस लागते. रात्रीच्या जेवणातील पापलेटाचे काटे मात्र त्याच काकांच्या घरून, उघड्या पिशवीत, दाराबाहेर येतात.

मांजरांची संख्या नोटिशीने कमी होत नाही. कचरा झाकल्याने आणि नसबंदी केल्याने होते. मुंबई महापालिकेने मांजरांची नसबंदी २०१९ मध्ये प्राणिमित्र संस्थांच्या मदतीने हाती घेतली. कानाचे टोक कापलेले मांजर दिसले तर कोणी क्रूरपणा केला असे समजू नये. भूल दिलेली असतानाच केलेली ती शस्त्रक्रियेची खूण असते. दोन्ही कान शाबूत असलेले मांजर आवारात फिरत असेल, तर सभासदांनी फळ्यावर नोटीस लावण्याआधी अशा संस्थेला फोन करावा आणि खाद्य रोज एकाच वेळी, एकाच कोपऱ्यात ठेवावे, म्हणजे मांजर पकडायला सापडेल. नोटीस मांजराला वाचता येत नाही आणि सभासद ती वाचत नाहीत.