एकशे सव्वीसवाले काका

पुण्यात सायकल चालवणारे कमी झाले आणि सायकलवर बोलणारे वाढले. या बोलणाऱ्यांतली सर्वांत चिवट जात म्हणजे जुन्या रेसिंग सायकलसाठी नवी चाकं शोधणारे काका. वय साठीच्या पुढे, खांद्याला शबनम आणि शबनममध्ये व्हर्नियर कॅलिपर. मंडईत भेंडी घेतानाही तो बाहेर येतो, असं काकू सांगतात. काकूंनी अतिशयोक्ती केव्हाच सोडली आहे. गरजच पडत नाही.

सायकल १९८२ सालची. थोरल्या भावानं इंग्लंडहून परतताना आणलेली, स्टीलच्या बारीक नळ्यांची, मागे सहा चकत्यांचं फ्रीव्हील. तिच्यावर काकांनी एकदा मुंबई-पुणे शर्यत केली होती. कितवे आलात, असं विचारलं की ते बोरघाटाच्या चढाचं वर्णन करतात. ब्रेक घासून घासून आता तिच्या रिमा झिजल्या आहेत आणि नवी चाकं हवी आहेत. बस, एवढीच गोष्ट. पण ती पुरी ऐकायला दोन चहा लागतात.

पहिला चहा हबवर जातो. मागच्या चिमट्याच्या दोन टोकांमधली, हब बसायची जागा १२६ मिलिमीटर. पुढे आठ गिअर आले आणि रेसिंग सायकलींची ती जागा १३० झाली. डोंगरी सायकलींची १३५. मग आरपार जाणारा एक्सल आला, १४२. मग ‘बूस्ट’ नावाचं प्रकरण, १४८. “अरे, हब बसवताय की पोटभाडेकरू ठेवताय?” काका विचारतात. उत्तर द्यायला कंपनीचं कुणी समोर नसतं, म्हणून ते आपल्याला द्यावं लागतं.

दुसरा चहा रिमवर. काकांची चाकं २७ इंची, हल्लीच्या डोंगरी सायकलींची २९. “यात मोठी रिम कुठली?” हा काकांचा आवडता सापळा. आपण २९ म्हणतो आणि काका तृप्त होतात. टायर जिथे बसतं तिथला व्यास २७ इंचीचा ६३० मिलिमीटर, २९ इंचीचा ६२२! नावातला इंचाचा आकडा टायरच्या जाडीसकट धरलेला, आणि २९चं टायर गलेलठ्ठ. “आणि आपल्या दूधवाल्याची २८ इंची? ६३५! म्हणजे अठ्ठावीस थोरलं, सत्तावीस मधलं आणि एकोणतीस धाकटं. याला म्हणायचं प्रमाणीकरण!”

शोध चहूकडे चालू असतो. जुना बाजार झाला, मुंबईचा चोरबाजार झाला. लुधियानात बदली झालेल्या भाच्याला अभिनंदनाच्या आधी मापं गेली. परदेशातल्या मुलीनं एकदा खरोखरच चाकांची जोडी शोधून सामानातून आणली. काकांनी कॅलिपर लावला: १२६. रिम पाहिली: २७ इंची. घरात आनंदीआनंद. मग काकांनी तारा मोजल्या. बत्तीस. “मूळच्या छत्तीस आहेत,” म्हणाले, आणि जोडी माळ्यावर गेली.

पेठेतला मेकॅनिक शांत माणूस. “काका, ७०० सीची, म्हणजे त्याच ६२२ची चाकं घ्या. रिम चार मिलिमीटर आत जाईल, ब्रेकचे रबर तेवढे खाली सरकवू. हब १३०चा. स्टीलची फ्रेम आहे, दोन्हीकडे दोन-दोन मिलिमीटर ताणली की बसला.”

“फ्रेम ताणायची?” लेकीला कुणी वेडंवाकडं बोललं असावं तसे काका सायकल मागे ओढतात.

“मग हब आहे तोच ठेवा. छर्रे बदलतो, नव्या रिमवर तारा ओवतो, आउट काढून देतो.”

“आणि मग तिला मूळची कोण म्हणेल?”

तेवढ्यात पेपरवाला येतो, काळी बोजड सायकल घोड्यावर लावतो. मागचं चाक खड्ड्यात बसलेलं. मेकॅनिक वर टांगलेलं २८ इंची चाक काढतो, जुनंच फ्रीव्हील त्यावर फिरवतो, साखळी चढवतो. काकांचा चहा संपायच्या आत माणूस वाटेला लागलेला. ना माप, ना चर्चा. काकांच्या आजोबांच्या काळातला तो घाट. कधी पुढे गेलाच नाही, त्यामुळे त्याला मागे टाकणं कुणाला जमलं नाही. काकांची सायकल मात्र त्या काळी फार आधुनिक होती. तिला तेच भोवलं.

खरं तर १२६ हाही एके काळी आगाऊ आकडा होता. त्याआधी पाच गिअर असत आणि जागा १२०. क्लबातल्या अशाच एका १२०वाल्या ज्येष्ठांना चाकं मिळेनात, तेव्हा “काळाबरोबर चालावं, दादा,” असा सल्ला ऐन पंचविशीतल्या काकांनीच दिला होता. ही आठवण काकू सांगतात. काका त्या वेळी कॅलिपर पुसत असतात.

“मग काय ठरलं, काका?” मेकॅनिक विचारतो.

“तू ग्रीस भरून ठेव. चाकांचं मी बघतो. सोलापूरला एकाचा पत्ता लागलाय.”

“त्याच्याकडे आहेत चाकं?”

“छे! तोही शोधतोय.”