सशर्त सौभाग्य

आपल्याकडे मांडवात ‘अखंड सौभाग्यवती भव’ म्हणतात. अमेरिकेचं सरकार इतकं सढळ नाही. ते आशीर्वाद देतं तो दोन वर्षांचा, आणि तोही सशर्त.

लग्न करून तिकडे गेलेल्या बायकोला (नवऱ्यालाही, यात मात्र पूर्ण समानता आहे) रहिवास मिळतो, त्या दिवशी लग्नाला दोन वर्षं झाली नसतील तर हातात पडणारं ग्रीन कार्ड दोनच वर्षांचं असतं. ते संपण्याआधीच्या 90 दिवसांत दोघांनी मिळून आय-751 नावाचा अर्ज भरायचा. त्याआधी भरलात तर ‘फार लवकर आलात’ म्हणून तो परत येऊ शकतो. मुदत उलटून भरलात तर उशिराचं कारण जोडायचं, आणि ते साहेबाला पटायला हवं. भरलाच नाहीत तर रहिवास गेला. भटजीसुद्धा हुकलेल्या मुहूर्तावर गोरज सुचवतात. इथे ती सोय साहेबाच्या मर्जीवर.

ही लगीनघाई अर्जदाराची. खात्याला कसलीच घाई नाही. अर्ज पोचल्याची पावती येते आणि ती संपत आलेल्या कार्डाला जीवदान देते. जानेवारी 2023पासून हे जीवदान 48 महिन्यांचं झालं आहे. म्हणजे कार्ड दोन वर्षांचं आणि पावती चार वर्षांची! नवरा अमेरिकन नागरिक असेल तर रहिवास मिळून आणि एकत्र संसार करून तीन वर्षं झाल्यावर नागरिकत्वाचा अर्जही करता येतो. त्यामुळे ‘तुमचं लग्न खरं की खोटं, ते अजून तपासतोय’ असं ज्या बाईला सांगितलंय, तिलाच नागरिकत्वाच्या मुलाखतीचं बोलावणं येऊ शकतं.

हा संशय कायद्यात शिरला 1986 साली. आदल्या वर्षी तिथल्या इमिग्रेशन आयुक्तांनी सिनेटच्या समितीपुढे शंभरातली तीस लग्नं संशयास्पद असल्याचं सांगितलं होतं. तो आकडा सिद्ध झालेल्या फसवणुकीचा नव्हता, नुसत्या संशयाचा होता, आणि पुढे कोर्टात त्याचा सांख्यिकी पाया कच्चा निघाला. कायदा मात्र पक्का राहिला.

आपलं सरकार मागे आहे असं कुणी समजू नये. परदेशी जोडीदाराला ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड हवं असेल तर लग्न नोंदलेलं आणि सलग दोन वर्षं टिकलेलं लागतं. घटस्फोट झाला की कार्ड रद्द होऊ शकतं. आणि 90 दिवस तर आपल्याकडेही आहेतच. महाराष्ट्राच्या 1998च्या कायद्यानुसार लग्नानंतर तेवढ्या दिवसांत नोंदणी करायची असते. हे कुणाला माहीत असतं? पोलादपुरातून आंबेनळी घाट चढत जा आणि वाटेतल्या एकेका वाडीत विचारा. नोंदणी आठवते ती पासपोर्ट काढताना. ग्रामसेवकही (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं) रागावत नाहीत. ‘आत्ता कशाला लागला दाखला?’ एवढंच विचारतात, कारण त्या लग्नात ते स्वतः जेवून आलेले असतात.

खरी गंमत पुराव्यांची आहे. आय-751सोबत काय जोडायचं? दोघांच्या नावाचं बँक खातं, दोघांच्या नावाचा घरभाड्याचा करार, एकत्र भरलेला आयकर, एकमेकांच्या नावाचा विमा, फोटो, ओळखीच्यांची शपथपत्रं. हीच चाळणी घेऊन महाड-पोलादपुरात उतरू. समजा, 1975 सालचा एक गिरणी कामगार आहे. तो परळला, बायको गावी. बँक खातं नाहीच; पगारातली मनीऑर्डर सासऱ्याच्या नावाने येते, म्हणजे आर्थिक संबंध सिद्ध होतो तो बापलेकांचा. मुंबईचा पत्ता म्हणजे गावकीचा गाळा. तिथे एका खोलीत वीसेक जण, पाळीपाळीने झोपणारे. एकत्र राहण्याचा पुरावाच मागाल तर या माणसाचा संसार वीस पुरुषांशी चाललेला दिसेल. फोटो एकच, लग्नातला, त्यात बायको मुंडावळ्यांच्या आड. पोरं चार, त्यांचा जन्म नोंदलेला नाही. शाळेत मास्तरांनी सगळ्यांना एक जूनला जन्माला घातलं. 18 जानेवारी 1982ला संप झाला आणि हा कायमचा गावी आला, तेव्हा कुठे दोघं एका छपराखाली राहू लागली. चाळीस-पन्नास वर्षांचा संसार, आणि साहेबाच्या फायलीत पान एक.

तेही राहिलं असतं, पण 22 जुलै 2021ला महाडात सावित्री आणि गांधारीचं पाणी घराघरांत शिरलं. कपाटातले अल्बम, दाखले, पासबुकं यांचा लगदा झाला. आंबेनळीचा रस्ता त्याच पावसात खचला. ‘पुरावा पुरात गेला’ हे कारण साहेबाला पटेल का, ते साहेबच जाणे.

अशी कागदपत्रं कमी पडली की मुलाखतीला बोलावतात. नवरा पलंगाच्या कुठल्या बाजूला झोपतो, असले प्रश्न विचारतात म्हणे. आपल्या 1975च्या काकींना, म्हणजे त्या गिरणी कामगाराच्या बायकोला, विचारून पाहू.

“पलंग? पलंग कुटला? ते पडवीत झोपतात. घरात पाव्हनं असतात ना गणपतीत.”

“आणि गणपती झाल्यावर?”

“झाल्यावर मुंबईला. कामावर कोन जाईल?”

“मग तुम्ही पतीसोबत राहता, असं कसं म्हणायचं?”

“मी कुटं म्हनते? मी त्यांच्या आईसोबत राहते.”

साहेब टाक उचलतो आणि लिहितो: आणखी पुरावा सादर करावा. त्यासाठी जास्तीत जास्त 84 दिवस. काकी बोटांवर मोजतात. कागदावर सही नवऱ्याचीही लागणार आणि तो आत्ताच एसटीत बसलाय. आता येणार शिमग्याला. भाद्रपद ते फाल्गुन, सहा महिने.

“साहेब, शिमग्यापत्तुर थांबा की,” काकी म्हणतात. “आमी इतकी वर्सं थांबलोच ना.”