आवाज नॉर्मल आहे!

सर्व्हिस सेंटरच्या काचेच्या केबिनमधल्या इस्त्रीच्या शर्टाला जगातला एकच आवाज ऐकू येत नाही, तो म्हणजे गिऱ्हाइकाच्या गाडीचा. आतल्या खोलीत कपबशी किणकिणली तरी तो मान वळवतो, टेबलावरचा मोबाइल थरथरला तरी त्याला कळतं. पण साठच्या वेगाला गाडीखालून घुमणारी आणि ड्रायव्हरची दाढ हलवणारी घरघर? तिच्यावर त्याचं उत्तर ठरलेलं आहे. ‘नॉर्मल आहे साहेब, या मॉडेलला असतोच.’

आमच्या मखमलाबादच्या भाच्याला हे उत्तर आता तोंडपाठ झालंय. त्याने कर्ज काढून नवीकोरी पिकअप घेतली. नाशिक जिल्ह्यात पिकअपचं महत्त्व शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. पिंपळगाव बसवंतचा टोमॅटो, लासलगावच्या लिलावाला निघालेला कांदा, दिंडोरी-निफाडची द्राक्षं, रात्री निघून पहाटे वाशी मार्केट गाठायची भाजी, सगळं हिच्याच पाठीवर. गाडी थांबली म्हणून टोमॅटो थांबत नाही. तो क्रेटमध्येच पाणी सोडायला लागतो. बँकेचा हप्ताही थांबत नाही.

भाच्याच्या गाडीचं इंजिन झकास आहे. गडबड इंजिनाच्या मागे सुरू होते आणि मागच्या चाकांपाशी संपते. क्लच, गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट, डिफरन्शियल. इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेणारी सगळी मंडळी एकेक करून रुसली. आधी क्लच घसरायला लागला. तो झाला, तर गिअर टाकला की मागून ‘टक्’. ते थांबलं, तर साठला थरथर. थरथर गेली, तर घुमणं. आणि घुमणं नॉर्मल, हे आपण वर पाहिलंच.

शेवटी भाच्याने गाडी आडगाव नाक्यावरच्या मिस्त्रीकडे नेली. मिस्त्रीकडे लॅपटॉप नव्हता. तो गोणपाट टाकून गाडीखाली शिरला, प्रोपेलर शाफ्ट दोन्ही हातांनी धरून पिळला. थांबलेलं टक् पुन्हा वाजलं. मग शाफ्टच्या सांध्यातल्या क्रॉसच्या टोपीभोवती जमलेली लालसर भुकटी त्याने बोटावर घेतली आणि भाच्याच्या नाकासमोर धरली. ‘हे बघ. ग्रीस कधीच गेलंय. आतल्या सुया खाल्ल्यात.’

त्या टोपीच्या आत सुईएवढे बारीक रोलर असतात. ग्रीस संपलं की लोखंड लोखंडाला खातं, त्याला गंज चढतो आणि तीच ही भुकटी. क्रॉस ढिला झाला की शाफ्ट सरळ फिरत नाही, हेलकावतो. हेलकावे शाफ्टला मधे आधार देणाऱ्या सेंटर बेअरिंगचं रबर फाडतात. तीच थरथर पुढे डिफरन्शियलच्या पिनियनला जाते, तिथलं सील तेल सोडतं. तेल कमी झालं की क्राउन-पिनियन कोरडे पडून घुमायला लागतात. मिस्त्रीने दोन मिनिटांत सांगितलं, ‘आजार एकच आहे रे, तो फक्त मागे मागे सरकतोय.’

ही दोन मिनिटं सर्व्हिस सेंटरला परवडत नाहीत, कारण तिथे आजार सरकत नाही, फक्त जॉबकार्ड सरकतं. क्लच? घिसणारा भाग, वॉरंटीत बसत नाही, बिल भरा. क्रॉस? बदलला, कार्ड बंद. सेंटर बेअरिंग? बदललं, कार्ड बंद. सील? बदललं, कार्ड बंद. घरघर? टेस्ट राइड घेतली, ‘नो अ‍ॅब्नॉर्मॅलिटी फाउंड’, कार्ड बंद. टेस्ट राइड कुठे, तर सेंटरपासून चौकापर्यंत आणि परत. त्या वाटेवर साठचा वेग गाठायचा तर मधले दोन सिग्नल, एक गाय आणि सिंहस्थासाठी खणलेला रस्ता ओलांडावा लागतो.

या पद्धतीची खरी हुशारी तुमच्या लक्षात आली का? गाडी पुन्हा पुन्हा बिघडते, पण कागदावर एकही बिघाड दुसऱ्यांदा होत नाही. दर वेळी भाग वेगळा, म्हणून तक्रार नवी. भाचा गेटवर ओळखीचा झालाय, वॉचमन त्याला नमस्कार करतो, चहावाला न सांगता कमी साखरेचा आणतो. कंपनीच्या संगणकाला मात्र तो प्रत्येक वेळी नवखाच दिसतो.

कारणमीमांसाही तयार असते.

‘घाटात क्लचवर पाय ठेवून चालवता तुम्ही.’

‘साहेब, कसाऱ्याला भरलेली गाडी उतरते. वर येते ती रिकामी.’

‘मग रिकामी जोरात चालवत असाल.’

या युक्तिवादापुढे भाचा गप्प झाला. गाडी ताब्यात देताना त्याच शर्टाचा सूर मऊ झाला. ‘दादा, कंपनीतून फोन येईल. दहापैकी दहा सांगा. नऊ सांगितले तरी आमचा इन्सेंटिव्ह कापतात.’ भाचा मनाने चांगला. पोराच्या पोटावर कशाला पाय द्यायचा म्हणून त्याने दहा दिले, तेही दर वेळी. आता कंपनीच्या दप्तरी तो नाशिक विभागातला अत्यंत समाधानी ग्राहक आहे. उद्या त्याचा फोटो जाहिरातीत आला तर आम्हाला नवल वाटणार नाही.

लासलगावला लिलावानंतर व्यापाऱ्याने मालात वांधा काढला, तर तो मिटवायला निदान बाजार समितीची माणसं असतात. इथे वांधा काढणारा, तपासणारा आणि मिटवणारा एकच.

आता दुसरी बाजू, नाहीतर आम्ही भाच्याचे वकील ठरू. दीड टन पासिंगच्या गाडीत वीस किलोचे पंच्याहत्तर क्रेट बसतात. क्रेटचं आणि क्लीनरचं वजन धरलं तर तेही नाही. प्रत्यक्षात किती क्रेट चढतात हे टोमॅटोच्या हंगामात पिंपळगावच्या रस्त्यावर उभं राहून कुणीही मोजावं. मागे स्प्रिंगचे जादा पाटे टाकून घेणारे तर वॉरंटीवर स्वतःच्या हाताने पाणी सोडतात. पण गंमत बघा, जाहिरातीतली पिकअप डोंगर चढते, नदी ओलांडते, खडकांवरून उडते. तिथे कुणी पासिंग विचारत नाही. ‘दमदार’, ‘बेफिकीर’, ‘कुठेही चला’ हे शब्द विक्रीच्या काउंटरवर असतात. ‘ओव्हरलोड’ हा शब्द फक्त सर्व्हिसच्या काउंटरवर ठेवलेला असतो.

कॅलिफोर्नियात अशा गाडीसाठी ‘लेमन लॉ’ आहे. पहिल्या अठरा महिन्यांत किंवा अठरा हजार मैलांत एकाच दोषासाठी गाडी चार वेळा दुरुस्तीला गेली, किंवा सगळे मिळून तीस दिवसांपेक्षा जास्त पडून राहिली, तर कंपनीला पुरेशी संधी मिळाली असं गृहीत धरतात. मग गाडी बदलून द्या, नाहीतर पैसे परत करा. आमच्याकडेही लिंबाचाच आधार आहे. तो दर शनिवारी बंपरला मिरच्यांसोबत टांगतात.

तसा आपल्याकडे कायदा नाही असं नाही. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत सुरू केली तेव्हा गिऱ्हाईक म्हणजे दुकानदाराचा उपकृत माणूस होता. १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा आला, त्याची जागा २०१९ च्या कायद्याने घेतली आणि तो जुलै २०२० पासून लागू आहे. मालवाहू गाडी धंद्यासाठी असते, मग तिचा मालक ग्राहक कसा, हा शोरूमवाल्यांचा आवडता प्रश्न. त्याचं उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या निकालात दिलंय. पोटापाण्यासाठी ट्रक घेऊन स्वतः चालवणारा माणूस ग्राहकच. मदतीला एकदोघे घेतले तरी ग्राहकच. गाडी घेऊन दुसऱ्याच्या हाती सोपवून घरी बसलात, तर मात्र नाही.

कंपनीच्या वकिलाच्या खिशातही एक निकाल असतो. मारुती उद्योगच्या २००६ मधल्या प्रकरणात न्यायालयाने म्हटलं की भाग बदलून दोष जात असेल, तर अख्खी गाडी बदलून मागता येत नाही. सुटे सुटे भाग बदलून कार्ड बंद करण्यात एवढा उत्साह का, हे आता कळेल. दोष एकेका भागात आहे असं दिसत राहिलं की कंपनी सुखी. तो एकच दोष आहे आणि परत परत येतोय, हे कागदावर दिसलं की खटल्याचा रंग बदलतो. आणि तो कागद लिहून घेणं तुमच्या हातात आहे.

म्हणून पिकअपवाल्या बंधूंनो, एवढं करा. जॉबकार्डवर तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या: कितीच्या वेगाला, कितव्या गिअरला, भरलेली असताना की रिकामी. आधी याच कारणासाठी कधी आलो होतो, ती तारीखही त्यात घाला. काढलेला भाग बघायला मागा, त्याचा फोटो काढा. सगळी कार्डं एका पिशवीत ठेवा. वजनकाट्याच्या पावत्याही ठेवा, आणि त्या दाखवता येतील एवढाच माल भरा. समजुतीने मिटत नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन लावा, आणि दोन वर्षं उलटायच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. पाच ते दहा लाखांच्या गाडीसाठी फी २०० रुपये आहे, दहा ते वीस लाखांसाठी ४००. वकील नसला तरी तुमची बाजू तुम्हीच मांडू शकता. कायद्यात निकालाची मुदत तीन महिने आहे, गाडीची तपासणी लागली तर पाच. तारखा त्याहून लांबतात, तेव्हा धीर धरा.

आणि कंपनीतून फोन आला, तर दहा देऊ नका. गाडी जेवढी चालली तेवढेच द्या.