सनदी मोटारीचे वतनदार

जुन्या विजेच्या मोटारीत तुम्हांस आग्रहाने बसवून घेऊन, पट्टा बांधण्याच्या आतच आपल्या हक्कांची कलमे ऐकवणारे गृहस्थ वाचकांच्या परिचयाचे असतीलच. कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट मुक्कामी आमच्या वाट्यास आलेल्या अशा एका वतनदारांची टेस्ला 2014 सालची. 30 जून 2018 पर्यंत मागणी नोंदवलेल्या गाड्यांना नकाशे, संगीत इत्यादी पुरवणारी इंटरनेट-जोडणी गाडीच्या हयातीपर्यंत विनामूल्य राहील असे कंपनीने जाहीर केल्यापासून, तीच जोडणी महिना 10 डॉलर मोजून घेणारे नव्या गाड्यांचे मालक त्यांच्या लेखी केवळ कुळे होऊन बसले आहेत.

सत्यनारायणास गेले, तर पाचवा अध्याय संपताच यांचा सहावा सुरू होतो: "महाराज, तहहयात म्हणून लिहून दिले आहे!" पडद्यामागच्या संगणकातील मेमरी चिप झिजते म्हणून 2021 साली सुमारे 1,35,000 जुन्या गाड्या कंपनीने फुकट दुरुस्तीस परत बोलावल्या, तेव्हा सनदेवर शिक्कामोर्तब झाल्याच्या आनंदात यांनी पेढे वाटले. पुढे फेब्रुवारी 2022 मध्ये, ज्यावरून ही जोडणी येई ते थ्री-जीचे जाळे एटी अँड टी कंपनीने बंद केले आणि जोडणी फुकट, पण ती झेलणारा मोडेम मात्र 200 डॉलरांचा, असा पेच उद्भवला. तोही त्यांनी "सनद चालू ठेवण्याचा नजराणा" या सदराखाली खर्ची टाकला. "मामा, पडद्यामागच्या नव्या संगणकाचा दर 2,500 वरून 1,500 डॉलरांवर उतरला, आता तरी बसवा," असे भाच्याने विनवले. परंतु त्या नव्या संगणकात रेडिओ नसून त्याचे निराळे 500 पडतात असे कळताच, "आकाश ज्याचे पैसे मागत नाही, त्याचा सारा मी यांना भरू?" एवढे बोलून त्यांनी प्रकरण दप्तरदाखल केले.

त्यांच्या या पुराणाचा मला कंटाळा येतो, हे नाकबूल करीत नाही. तथापि आधी तीन-तीन वर्षांच्या मुदतीचा व्हिसा, नंतर दर दहा वर्षांनी नवे करून घ्यावे लागणारे ग्रीन कार्ड, अशा रीतीने ज्या मनुष्याचे सारे वास्तव्यच मुदतवाढीवर चालले, त्यास नूतनीकरणाची तारीख नसलेला एकच कागद लाभला, आणि तोही मोटारीच्या नावे! त्यात हयात मोजली आहे ती गाडीची, धन्याची नव्हे, हे ते पुरते जाणून आहेत. म्हणूनच स्वतःच्या रक्तदाबापेक्षा तिच्या बॅटरीची नोंद ते अधिक नेमाने ठेवतात.