सर, उलट आणि फेर

उलटतपासणी म्हणजे उलटसुलट प्रश्न विचारून समोरच्या माणसाची मती गुंग करणे, असा जो अर्थ आपल्या समाजाने गृहीत धरला आहे, तो कायद्याला मुळीच मान्य नाही, ही गोष्ट वयाच्या बावन्नाव्या वर्षी दिवाणी न्यायालयातील साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहण्याचा प्रसंग येईपर्यंत मला ठाऊक नव्हती. जेम्स फिट्झजेम्स स्टीफन या विधिज्ञाने सिद्ध केलेल्या १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात या शब्दाची व्याख्या निरागस म्हणावी इतकी साधी आहे. ज्या पक्षाने साक्षीदार बोलावला त्याने करावयाची ती सरतपासणी, उलट पक्षाने करावयाची ती उलटतपासणी आणि त्यानंतर बोलावणाऱ्यानेच पुन्हा करावयाची ती फेरतपासणी. म्हणजे उलट असतो तो पक्ष. प्रश्न सरळ असले तरी कायद्याची हरकत नाही. २०२४ च्या १ जुलैपासून जुन्या कायद्याच्या जागी नवा आला, परंतु या तिन्ही बहिणी जशाच्या तशा नव्या घरी नांदावयास गेल्या. त्यांपैकी थोरली, सरसेनापतीतला ‘सर’ मिरवीत असूनही, कचेरीच्या दप्तराबाहेर कधी पडली नाही. धाकटीचे तर नावही कोणी काढीत नाही. मधलीने मात्र घरोघर बिऱ्हाड थाटले आहे.

माझ्या एका स्नेह्याने, शेजाऱ्याने भिंत चढवून आपला उजेड अडविला म्हणून दावा लावला होता आणि ती भिंत पूर्वी चार फूट सात इंच होती, एवढेच सांगण्यासाठी मला समन्स आले होते. सरतपासणीत आपल्या वकिलाने सूचक प्रश्न विचारण्यास प्रतिपक्ष हरकत घेऊ शकतो, म्हणजे साक्षीदाराच्या तोंडात उत्तर घालण्याची त्याला मुभा नसते. म्हणूनच की काय, ते आदल्या रात्री आपल्या कचेरीत, चहाबरोबर, घालून ठेवण्याची दूरदृष्टी आमच्या वकीलसाहेबांनी दाखविली होती. त्यामुळे माझी सरतपासणी एखाद्या हुशार विद्यार्थ्याच्या पाढ्यांसारखी बिनचूक पार पडली.

मग प्रतिवादीचे वकील उठले. उलटतपासणीत सूचक प्रश्नांना मोकळीक असते, त्यामुळे आता शब्दांचे जाळे पडणार म्हणून मी सावध होतो, पण त्या वयोवृद्ध गृहस्थांनी अत्यंत मायेने, जणू माझ्या प्रकृतीची चौकशी करावी तशा स्वरात विचारले, “आपल्या स्वतःच्या घराच्या आवारभिंतीची उंची किती हो?”

मी त्या घरात एकवीस वर्षे राहतो. मी म्हणालो, “मोजली नाही.”

“मग स्नेह्यांची मोजलीत?”

“नाही.”

“म्हणजे इंचासकट कोणी सांगितली?”

मी आमच्या वकिलांकडे पाहिले. ते छतावरच्या पंख्याचे निरीक्षण करीत होते. साक्षीदाराच्या विस्कटलेल्या जबानीची घडी पुन्हा नीट घालण्यासाठी कायद्याने फेरतपासणीची सोय केली आहे, आणि न्यायाधीशांनी तशी विचारणाही केली; परंतु ज्या कापडाच्या चिंध्याच झाल्या त्याची घडी काय घालावयाची, अशा विचाराने असेल, ते एवढेच म्हणाले, “फेरतपासणी नाही.”

या अपमानाचे परिमार्जन करण्यासाठी मी बाजारपेठेतील एका हॉटेलात गेलो आणि डॉक्टरांनी तळलेले पदार्थ वर्ज्य करून तीनच आठवडे झालेले असताना दोन प्लेट कांदाभजी खाल्ली. घरी पोहोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती.

“कोर्ट पाचला सुटतं ना?” पत्नीने विचारले.

दिवसभरात मिळविलेले कायद्याचे ज्ञान कोठे तरी खर्च करणे भागच होते. मी तिला शांतपणे समजावून दिले की, सरतपासणी झाल्यावाचून उलटतपासणी होऊच शकत नाही, सबब हा प्रश्न अकाली आहे.

“बरं. मग आधी ती होऊ द्या,” ती खुर्ची ओढून बसली. “सांगा सगळं, पहिल्यापासून.”

सूचक प्रश्न नाही, दटावणी नाही, नुसते ऐकून घेणे. असा श्रोता मिळाल्यावर वक्त्याचे जे होते तेच माझे झाले. न्यायालय, पंखा, ते वृद्ध वकील, सारे मी रंगवून सांगितले आणि त्याच ओघात, पावसाळी हवेत गरम कढईचा वास कसा दरवळतो, याचेही वर्णन करून बसलो.

“किती प्लेट?” ती म्हणाली.

“दोन,” मी कबूल केले.

येथे माझ्या साहाय्याला आई धावून आली. फेरतपासणीत केवळ उलटतपासणीत निघालेल्या गोष्टींचा खुलासा करावयाचा असतो आणि न्यायालयाच्या अनुमतीने नवीन मजकूर आणलाच, तर त्यावर पुन्हा उलटतपासणी करण्याचा अधिकार प्रतिपक्षाला प्राप्त होतो, हे त्या माउलीला कोठून ठाऊक असणार? आमच्या घरी तिच्या बोलण्याला कोणाच्या अनुमतीची गरजही नसते.

“अगं, दोन प्लेटींनी काही होत नाही त्याला,” आई माळ ओढता ओढता म्हणाली, “परवा वडे खाल्ले तेव्हा तरी कुठं काय झालं?”

पत्नीने खुर्ची आणखी थोडी पुढे ओढली.

“परवा?” तिने विचारले.