आधी पँट, मग आधारकार्ड

सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षेच्या पोराला खोली देताना आधारकार्डाआधी पँट पाहतात. फाटकी जीन्स, मनगटात कडं, कोरलेली दाढी असेल, तर पोरगा कुठल्यातरी भाऊंच्या मागे फिरणारा. साधा शर्ट नि पायात चप्पल असेल, तर ‘गावाकडचा दिसतोय, चौघांना आणून झोपवील.’ कडक इस्त्री असली, तर नक्कीच काहीतरी लपवतोय.

मग ‘मूळ गाव कुठलं?’ बीड म्हटलं की खोली कालच गेलेली असते. परभणी म्हटलं की डिपॉझिट वाढतं. लातूरचं निराळं. मालकांना नातवाच्या बारावीसाठी लातूर पॅटर्नचं भारी कौतुक. तो ज्यांनी गाजवला त्या पोरांनी मात्र रात्री दहानंतर जिना वाजवायचा नाही. नातवाची जीन्सही गुडघ्यावर फाटकीच, पण ती आत्याने कॅलिफोर्नियाहून पाठवलेली, म्हणून फॅशन.

हाच चपलेतला पोरगा तहसीलदार झाला, की ‘आमच्याच वरच्या खोलीत राहायचा हो, पहिल्यापासून तेज!’

भाड्याच्या बाबतीत मात्र मालक पक्के समतावादी. एक तारखेला आलेलं कुठल्याही जिल्ह्याचं चालतं.