सहावी फेरी, सहावा हिस्सा

गागोदे बुद्रुकचा व्यावसायिक फुटबॉल संघ अजून निघालेला नाही. मैदान ठरलेलं नाही, मालक सापडलेला नाही, चेंडू आहे पण त्यात हवा नाही. समिती मात्र झालेली आहे. परवा तिची पहिली बैठक झाली आणि एकमताने नोंदवलं गेलं की, खेळाडू निवडीच्या पहिल्या तीन फेऱ्यांतल्या आपल्या पाळ्या आपण आधीच विकून मोकळे झालो आहोत. संघच नसताना पाळ्या विकल्या कशा, असा भाबडा प्रश्न पेण तालुक्यात कुणी विचारत नाही. भरतीला पाण्याखाली जाणाऱ्या जमिनीलाही इथे ‘सी टच प्लॉट’ म्हणून गिऱ्हाईक मिळतं.

लिलाव म्हणजे काय, हे आता रायगडात शाळकरी पोरालाही सांगावं लागत नाही. गावोगावच्या टेनिस बॉल लीगनी ते शिकवलंय. हॉल घ्यायचा, प्रत्येक संघाला पॉइंट वाटायचे, आयकॉन खेळाडू बाजूला काढायचे आणि यूट्यूबवर थेट प्रक्षेपण लावून आपल्याच आळीतल्या पोरावर बोली लावायची. जो अनसोल्ड गेला तो दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घालायला निघाला की लोक दुधाचा नाही, त्याचा भाव विचारतात.

ड्राफ्टचं तसं नाही. तिथे बोली नसते, पाळी असते. एकेक संघाने उठायचं, एकेक खेळाडू उचलायचा आणि खाली बसायचं. अमेरिकी फुटबॉलमध्ये १९३६पासून हा प्रकार चालू आहे. (त्या खेळात पाय चेंडूला क्वचितच लागतो, तरी त्याला फुटबॉल म्हणतात. आपण हसू नये. आपल्याकडे सहकारी संस्था असतात.) नियम असा की, गेल्या हंगामात जो सर्वांत जास्त हरला त्याची पाळी पहिली आणि जो जिंकला त्याची शेवटची. शिवाय या पाळ्या विकता येतात. यंदाचीच नव्हे, पुढच्या वर्षीची आणि त्याच्या पुढच्या वर्षीचीही आजच देऊन टाकता येते.

हे मुंबईहून शनिवारी येणाऱ्या भाच्याने समजावून सांगितलं तेव्हा समितीतल्या त्याच्या मामांचे, म्हणजे तात्यांचे, डोळे लकाकले.

“म्हणजे साठेखतच की रे!”

“नाही मामा, त्याला ट्रेड म्हणतात.”

“बयाणा घेऊन वस्तू पुढच्या साली द्यायची ना? मग साठेखतच. आम्हाला नको शिकवू.”

भाचा गप्प बसला. तो रात्री जागून अमेरिकेचे सामने बघतो, त्यामुळे त्याला सगळे आकडे पाठ आहेत आणि नोकरी नाही. बैठकीत मार्गदर्शन त्याचंच होतं. पहिल्या पाळीचं फार अप्रूप धरू नका, असं त्याने सुरुवातीलाच बजावलं. १९३६च्या त्या पहिल्या ड्राफ्टमध्ये सगळ्यांत पहिलं नाव पुकारलं गेलं ते जे बर्वांगर याचं. पगाराचं जमलं नाही आणि गडी आयुष्यात एकही व्यावसायिक सामना खेळला नाही. खजिनदार म्हणाले, यात नवल ते काय, २०२५च्या जानेवारीत आपल्या जिल्ह्याला पालकमंत्रीही असाच मिळाला होता. एका दिवशी नाव पुकारलं, दुसऱ्या दिवशी स्थगिती.

मग भाच्याने लॉस एंजेलिसच्या रॅम्स संघाची पोथी उघडली. त्यांचे सरव्यवस्थापक लेस स्नीड. या गृहस्थांनी २०१७ ते २०२३ या सात वर्षांत पहिल्या फेरीत एकदाही खेळाडू निवडला नाही. पाळ्या दुसऱ्यांना दिल्या आणि बदल्यात तयार, नावाजलेले खेळाडू आणले. जेलन रॅम्झीसाठी पहिल्या फेरीच्या दोन पाळ्या, मॅथ्यू स्टॅफर्डसाठी आणखी दोन. लोक म्हणाले, घर विकून वरात काढतोय. फेब्रुवारी २०२२मध्ये त्याच संघाने सिनसिनाटीला २३-२० असं हरवून सुपर बोल, म्हणजे तिकडचा अंतिम सामना, जिंकला. विजयाच्या मिरवणुकीत स्नीडसाहेब एक टी-शर्ट घालून फिरले. त्यावर या पहिल्या पाळ्यांना उद्देशून जी शिवी होती ती या सदरात छापण्याजोगी नाही. तिचं मराठी रूप पेणच्या स्टँडवर गाडी चुकलेल्या कुठल्याही माणसाकडून ऐकायला मिळेल.

समितीत आनंदाची लाट उसळली. आपण पाळ्या विकल्या त्या नाइलाज म्हणून नव्हे, धोरण म्हणून, असा सुधारित ठराव तिथल्या तिथे झाला. कर्ज फेडायला जमीन विकलेला माणूसही पुढे ‘गुंतवणूक बदलली’ म्हणतोच. त्यात नवीन गाडी दारात उभी असली की ऐकणाऱ्यालाही ते पटतं. भाच्याने तेवढ्यात पुढचं पान उलटलं. चषक जिंकल्यावर लगेचच्या हंगामात रॅम्सने सतरापैकी पाच सामने जिंकले आणि बारा हरले.

तात्यांनी हिशेब केला. “सातबारा गेला आणि पाच-बारा हाती आला.”

बैठकीत क्षणभर शांतता पसरली. ती मोडण्यासाठी चहा आला.

चहानंतर कुणीतरी म्हणालं, अमेरिका राहू दे, आपल्याकडचं बोला. आपल्याकडेही झालं होतं की! इंडियन सुपर लीगचा ड्राफ्ट २३ जुलै २०१७ रोजी मुंबईतच भरला होता. त्यात ज्यांनी जुने खेळाडू कायम ठेवले त्यांना तेवढ्या फेऱ्या सोडाव्या लागल्या. जमशेदपूरचा संघ नवा होता आणि दिल्लीने कुणालाच ठेवलं नव्हतं, म्हणून पहिल्या फेरीत हे दोघेच. जमशेदपूरने पहिलं नाव घेतलं अनस एडाथोडिका या बचावपटूचं. मुंबई सिटीने अमरिंदर सिंग आणि सेहनाज सिंग यांना धरून ठेवलं होतं, त्यामुळे यजमान शहराचा संघ पहिल्या दोन फेऱ्या हाताची घडी घालून बसला. लग्न आपल्या मांडवात आणि पहिली पंगत दुसऱ्यांची! पण १३ मार्च २०२१ रोजी मडगावच्या फातोर्डा मैदानावर मोहन बागानला २-१ असं हरवून मुंबईने करंडक उचलला तेव्हा कर्णधार होता गोलरक्षक अमरिंदर. दोन फेऱ्या ज्या दोघांपायी सोडल्या त्यांतलाच एक. पुण्याचा संघ तोवर बंद पडून दोन वर्षं होत आली होती. पुणेकरांचं म्हणणं, आम्ही बंद पडलो नाही, थांबलो. त्यावर वाद घालायला आम्ही धजत नाही.

कोल्हापूरकरांना यातलं काही कळणार नाही, हेही एकाने सांगून टाकलं. तिथे पाटाकडील किंवा खंडोबा तालमीचा पाठीराखा जन्मतःच ठरलेला असतो. बारशालाच ड्राफ्ट.

आता खरी अडचण. पहिल्या तीन फेऱ्या गेल्या, चौथीची पाळी मंडपवाल्याच्या उधारीत वळती झाली. पाचवीबद्दल दोन सदस्यांत वाद असून तो भाऊबंदकीचा आहे, त्यामुळे निकाल या पिढीत लागणार नाही. उरली सहावी आणि सातवी. तिथवर पोचेतो काय उरलेलं असतं? चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी पेणला मूर्ती आणायला जाऊन बघा. शहाण्यांनी हमरापूर-जोह्याच्या कारखान्यांत जाऊन, मूर्ती कच्ची असतानाच, डोळे लिहायच्या आधी, नाव घालून ठेवलेलं असतं. तुमच्या वाट्याला फडताळाच्या टोकाची येते. एका बाजूला रंग जरा उतरलेला, उंदीर अंमळ मोठा, आणि हात लावायच्या आत कारखानदार सांगतो, “दादा, हीच घ्या. हिच्यात तेज आहे.”

तेज असतंही कधीकधी. टॉम ब्रॅडी २००० साली सहाव्या फेरीत, १९९व्या क्रमांकावर निवडला गेला आणि त्याने सात सुपर बोल जिंकले. ब्रॉक पर्डी तर २०२२च्या ड्राफ्टमधला अगदी शेवटचा, २६२वा. शेवटच्या गड्याला तिकडे ‘मिस्टर इर्रेलेव्हंट’ म्हणजे श्रीयुत बिनकामाचे अशी पदवी देऊन समारंभ करतात. हा बिनकामाचा दोन वर्षांत संघाला सुपर बोलपर्यंत घेऊन गेला. भाच्याने हे सांगताना आवाज जड केला होता. तो स्वतः तालुक्याच्या लिलावात दोनदा अनसोल्ड गेलाय.

“सहाव्या फेरीत असला हिरा ओळखायचा कसा?” खजिनदारांनी विचारलं. “त्याला स्काउट लागतो. डोळा लागतो.”

तेव्हा तात्यांनी पानाची पिंक टाकून तो ऐतिहासिक मुद्दा काढला. “आपल्या गावच्या माणसाची पहिली निवड झालेली आहे. चाळीस साली.”

खरंच झालेली आहे. ११ सप्टेंबर १८९५ रोजी याच गागोद्यात जन्मलेले विनायक नरहर भावे, म्हणजे विनोबा. १९४०मध्ये वैयक्तिक सत्याग्रहाची हाक द्यायची ठरली तेव्हा देशभरातले नामवंत तयारीत होते. गांधीजींनी पहिलं नाव घेतलं विनोबांचं आणि दुसरं जवाहरलाल नेहरूंचं. १७ ऑक्टोबरला पवनारहून सुरुवात झाली. देशातल्या बहुतेकांना हा पहिला सत्याग्रही कोण हेच ठाऊक नव्हतं. गांधीजींना ‘हरिजन’मध्ये त्यांची ओळख करून द्यावी लागली. आजचा एखादा क्रीडा पत्रकार असता तर त्याने निवडीला पाचपैकी दीड गुण दिले असते. नेहरू उपलब्ध असताना हा कोण? चाचणीचा काही अहवाल? अहवाल कुठला असणार! हा खेळाडू १९१६ साली इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला म्हणून बडोद्याहून निघाला आणि सुरतेलाच उतरून काशीला गेला. प्रमाणपत्रं त्याआधीच चुलीत घातलेली.

“पण ती निवड झाली होती, मामा. आपल्याला करायचीय.”

“ऐक तर! पुढे त्यांनीच वाट दाखवलीय.” तात्या आता थांबणार नव्हते. १८ एप्रिल १९५१, तेलंगणातलं पोचमपल्ली. चाळीस भूमिहीन कुटुंबांनी ऐंशी एकर जमीन मागितली आणि रामचंद्र रेड्डींनी शंभर एकर दिली. तिथून भूदान सुरू झालं. विनोबा जमीनदाराला म्हणत, तुला पाच मुलगे असतील तर मला सहावा समज आणि माझा सहावा हिस्सा दे. “सहावा हिस्सा! आणि आपल्याकडे उरलीय कुठली फेरी? सहावी! हा काय योगायोग आहे?”

योगायोगच होता, पण तसं म्हणण्याची कुणाची टाप नव्हती. ठराव झाला. प्रत्येक संघाकडे जायचं आणि आम्हाला सहावा मुलगा समजून तुमच्या खेळाडूंचा सहावा हिस्सा द्या, असं सांगायचं. उपक्रमाचं नाव ‘खेळाडूदान’. विनोबांनी मागितलं ते भूमिहीनांना देण्यासाठी, आपण मागतोय ते आपल्यालाच ठेवायला, हा बारीक फरक इतिवृत्तात घेतलेला नाही.

भाच्याने शंका काढली की, फुकट खेळाडू कोण देईल? इथे मात्र समितीतले जुनेजाणते एकदम व्यवहारावर आले. देणारे देतातच, प्रश्न काय देतात याचा असतो. भूदानात ५ कोटी एकरांचं उद्दिष्ट होतं, कागदावर ४० लाखांहून अधिक एकर आली, आणि त्यातली बरीचशी खडकाळ होती, ओसाड होती, नाहीतर कोर्टात होती. दानशूरांनी आधी बांधावर उभं राहून नीट बघून घेतलं होतं की, कुठल्या तुकड्यात कुसळंसुद्धा उगवत नाहीत. फुटबॉलवाले काही त्यांच्याहून कमी उदार नसणार. एक संघ गोलरक्षक देईल, ज्याचा गुडघा गेलाय. दुसरा मधल्या फळीचा गडी देईल, ज्याचा पगार सहा महिने थकलाय, तो थकबाकीसकट. तिसरा जो देईल तो आधीच दोघांना दिलेला असेल. आणि हे सगळे आले तरी त्यांच्या नावाचा फेरफार व्हायला हवा. तलाठ्याकडे नोंद कितीतरी भूदान जमिनींची वेळेवर झाली नाही, तर एका लेफ्ट विंगरची काय कथा!

तरीही खेळाडूदानाचा ठराव कायम राहिला. काहीही हाती न येता तीन वर्षं चालेल असं काम समितीला हवंच असतं.

शेवटचा विषय निघाला तो प्रवासाचा. विनोबा तेरा वर्षं देशभर पायी फिरले, हे तात्यांनी सांगितल्यावर सभागृहाने, म्हणजे देवळाच्या पडवीने, आदराने माना डोलावल्या. आपण कसं जायचं? पायी जाणाऱ्यांनी हात वर करा, म्हटल्यावर एकच हात वर झाला. तो पंखा वाढवायला सांगण्यासाठी होता. तेव्हा भाड्याने सात सीटची गाडी करायचं ठरलं. एसी हवाच, कारण वडखळच्या वाहतूक कोंडीत त्याग एका मर्यादेपलीकडे टिकत नाही. गाडीत ड्रायव्हरच्या शेजारची सीट एकच. पहिल्या फेरीवर पाणी सोडलेल्या सहाच्या सहा सदस्यांनी तिथे आपापली नावं दिली आहेत. चिठ्ठ्या टाकायच्या, बोली लावायची की जो बैठकीला सर्वांत उशिरा आला त्याला पहिली पाळी द्यायची, हे ठरवण्यासाठी एक उपसमिती नेमली असून तिच्या अध्यक्षपदासाठी इच्छुकांनी खजिनदारांकडे शंभर रुपये भरून अर्ज करायचे आहेत.